किंग कॅम्प जिलेट

किंग कॅम्प जिलेट (५ जानेवारी, १८५५ – ९ जुलै, १९३२) हे अमेरिकन उद्योजक, संशोधक आणि समाजरचनेविषयी लेखन करणारे लेखक होते. दोन्ही कडांना धार असलेले पातळ पोलादी पाते आणि ते घट्ट धरून ठेवणारा दाढीचा वस्तरा त्यांनी बाजारात आणला. पाते बोथट झाले की फेकून द्यायचे आणि नवे बसवायचे, ही त्यामागची कल्पना होती. न्हाव्याच्या कुशल हाताचे काम त्यामुळे घरातल्या आरशासमोर आले. घरच्या घरी केस काढण्याच्या साधनांचा आधुनिक इतिहास सामान्यतः त्यांच्यापासून सांगितला जातो. ‘किंग’ ही पदवी नसून त्यांचे जन्मनाव आहे.

बालपण आणि फिरती विक्री

जिलेट यांचा जन्म अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील फाँड डू लॅक या गावी झाला. त्यांचे बालपण शिकागो शहरात गेले. घरात यंत्रे आणि युक्त्या यांची आवड होती. वडील व भाऊ नवनव्या वस्तू घडवण्याच्या खटपटीत असत. आई फॅनी लेमिरा जिलेट यांनी पाककृतींचे पुस्तक लिहिले. ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत पुढे अनेक दशके खपत राहिले. १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोला लागलेल्या प्रचंड आगीत कुटुंबाचे सर्वस्व गेले आणि सतरा वर्षे पूर्ण होण्याच्या आतच किंग यांना पोटापाण्याला लागावे लागले.

पुढची वीस-पंचवीस वर्षे त्यांनी फिरता विक्रेता म्हणून काढली. मधल्या काळात त्यांनी काही किरकोळ शोधांची पेटंटेही मिळवली, परंतु त्यांतून पैसा हाती आला नाही. १८९१ च्या सुमारास ते बाटल्यांची बुचे तयार करणाऱ्या कंपनीत विक्रेते झाले. या कंपनीचे विल्यम पेंटर यांनी सोडा आणि बिअरच्या बाटल्यांवर आजही दिसणारे कंगोरेदार पत्र्याचे बूच शोधून काढले होते. बूच एकदा काढले की त्याचा उपयोग संपतो आणि गिऱ्हाईक पुढच्या बाटलीबरोबर नवे बूच विकत घेते. असेच एकदा वापरून टाकून देण्याजोगे काहीतरी शोधावे, असा सल्ला पेंटर यांनी जिलेट यांना दिला. जिलेट यांनी तो मनावर घेतला.

समाजरचनेविषयीचे विचार

वस्तऱ्याची कल्पना सुचण्याच्या आधीच, १८९४ मध्ये, जिलेट यांचे ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. व्यापारातील स्पर्धा हेच दारिद्र्याचे, अपव्ययाचे आणि गुन्हेगारीचे मूळ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर्व उत्पादन जनतेच्या मालकीच्या एकाच संस्थेने करावे आणि नायगारा धबधब्याजवळ, त्याच्या पाण्यापासून मिळणाऱ्या विजेवर, कोट्यवधी लोकांना सामावून घेणारे एकच महानगर उभारावे, अशी योजना त्यांनी मांडली. त्या नगरात उंच निवासी इमारती आणि भोजनाची सामुदायिक व्यवस्था असणार होती. पाकशास्त्राच्या लोकप्रिय लेखिकेच्या मुलाने घराघरातील स्वयंपाकघर अनावश्यक ठरवावे, ही गंमत नोंद घेण्याजोगी आहे.

हे विचार त्यांनी श्रीमंत झाल्यावरही सोडले नाहीत. १९१० मध्ये त्यांनी ‘वर्ल्ड कॉर्पोरेशन’ या नावाने जागतिक संस्थेची योजना प्रसिद्ध केली आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना दहा लाख डॉलर मोबदला देऊन तिचे अध्यक्षपद देऊ केले. रूझवेल्ट यांनी नकार दिला. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल्स कॉर्पोरेशन’ या पुस्तकाच्या कामी त्यांना समाजवादी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांचे साहाय्य झाले. स्पर्धेचा हा विरोधक पेटंटच्या संरक्षणाखाली जगातील एक मोठा खासगी उद्योग उभारत होता. ही विसंगती अनेक चरित्रकारांनी केवळ विक्षिप्तपणा म्हणून बाजूला सारली आहे. तसे करणे योग्य नाही. त्यांच्या लेखनातील अपव्ययाचा तिटकारा आणि त्यांच्या मालातील ‘फेकून द्या’ हे तत्त्व एकाच माणसाच्या डोक्यातून निघाले होते, आणि त्या दोहोंचा मेळ त्यांना कधीच घालता आला नाही.

पात्याची कल्पना

१८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे राहत असताना एके दिवशी दाढी करताना जिलेट यांना वस्तरा बोथट झालेला आढळला. प्रत्यक्ष केस कापते ती फक्त पात्याची कड, मग तिच्यामागे जाड पोलादाचा एवढा भार कशाला, असा प्रश्न त्यांना पडला. दोन्ही बाजूंनी धार लावलेली पातळ पट्टी दोन तबकड्यांमध्ये दाबून दांड्याला बसवावी, हे चित्र तेव्हाच त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे.

सुरक्षित वस्तऱ्याची कल्पना मात्र जिलेट यांची नव्हे. फ्रान्समधील झाँ-झाक पेरे यांनी अठराव्या शतकात वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवून कापण्याचा धोका कमी केला होता. अमेरिकेतील काम्फे बंधूंनी १८८० मध्ये कुदळीसारखे आडवे डोके असलेल्या वस्तऱ्याचे पेटंट घेतले. परंतु या साधनांतील पाते जाड असे आणि त्याला वारंवार धार लावावी लागे. धार लावणे हेच खरे कसबाचे काम होते. जिलेट यांनी नेमके तेच काम गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून काढून कारखान्याकडे सोपवले.

कल्पना सोपी असली तरी तिची सिद्धता अवघड होती. कागदासारखी पातळ पोलादी पट्टी तापवून एकदम थंड केली की ती वाकडी होते, आणि मऊ ठेवली तर तिला धार टिकत नाही. असे पाते स्वस्तात तयार होणे अशक्य आहे, असे जाणकारांचे मत पडले. सुमारे सहा वर्षे प्रयत्न फसत राहिले. अखेरीस मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकलेले विल्यम एमरी निकरसन यांनी १९०१ मध्ये हे काम हाती घेतले आणि पात्यांना पाणी देण्याची व धार लावण्याची यंत्रे तयार केली. पात्याची जाडी सुमारे ०.१५ मिलिमीटर होती. ते सपाट न ठेवता तबकड्यांमध्ये किंचित वाकवून आवळले जाई, आणि त्या बाकामुळेच पातळ पात्याला ताठरपणा येई. जिलेट यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या या वस्तूत निकरसन यांचा वाटा निम्म्याहून कमी नव्हता, परंतु वेष्टनावर चित्र छापले गेले ते जिलेट यांचेच.

कंपनी आणि प्रसार

सप्टेंबर १९०१ मध्ये बॉस्टन येथे कंपनीची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तिला जिलेट यांचे नाव देण्यात आले. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी केवळ ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी वस्तऱ्यांचा खप ९० हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळाले.

वस्तरा जवळजवळ फुकट द्यायचा आणि पात्यांवर नफा कमवायचा, ही युक्ती जिलेट यांची, असे व्यापारशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार सांगितले जाते. प्रारंभीच्या काळापुरते ते खरे नाही. त्यांचा वस्तरा पाच डॉलरला विकला जात असे आणि त्या काळच्या कामगाराच्या दृष्टीने ही मोठी रक्कम होती. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपून इतर उत्पादक बाजारात उतरू लागले, तेव्हा कंपनीने जुन्या घडणीचे वस्तरे स्वस्त केले.

कंपनीतील सत्ता लवकरच भांडवल पुरवणारे जॉन जॉइस यांच्याकडे झुकली. १९१० च्या सुमारास जिलेट यांनी आपल्या भागांचा मोठा हिस्सा विकला. अध्यक्षपद त्यांच्याकडे राहिले, परंतु कारभार इतरांच्या हाती गेला.

पहिल्या महायुद्धाने या वस्तऱ्याला घराघरांत पोहोचवले. अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख वस्तरे आणि तीन कोटींहून अधिक पाती खरेदी केली. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा गुळगुळीत चेहऱ्यावर अधिक घट्ट बसत असे, हेही त्यामागील एक कारण मानले जाते. खंदकात स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय लागलेले तरुण ती सवय घेऊनच घरी परतले.

स्त्रियांसाठी वेगळा वस्तरा कंपनीने १९१५ मध्ये बाजारात आणला. बिनबाह्यांच्या पोशाखांची तेव्हा चलती होती. जाहिरातींमध्ये पुरुषी दाढीची आठवण करून देणारे शब्द टाळलेले असत. बाहुमूळ केशरहित असावे ही अपेक्षा पाश्चात्त्य स्त्रियांवर लादण्यात अशा जाहिरातींचा हात मोठा होता. विक्रीसाठी नवी गरज निर्माण करण्याचे ते ठळक उदाहरण आहे.

अखेरची वर्षे

उत्तरायुष्यात जिलेट कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. लॉस एंजेलिसजवळच्या कॅलाबासस येथे त्यांनी वास्तुविशारद वॉलेस नेफ यांच्याकडून प्रशस्त वाडा बांधून घेतला. जमिनींच्या खरेदीत त्यांचा पैसा अडकला होता. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग नाहीसा झाला. १९३० मध्ये हेन्री गेसमन यांच्या प्रतिस्पर्धी कंपनीबरोबर विलीनीकरण होत असताना जिलेट कंपनीच्या हिशेबांतील फुगवलेले आकडे उघडकीस आले. १९३१ मध्ये जिलेट यांनी अध्यक्षपद सोडले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा वाडा व भोवतालची जमीन आज सार्वजनिक उद्यान आहे.

त्यांच्या हयातीतच जेकब शिक यांचा विजेवर चालणारा वस्तरा बाजारात आला होता. १९३९ मध्ये नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने फिरत्या पात्यांचा विजेचा वस्तरा आणला. केस न कापता मुळापासून उपटणारे ‘एपिलेडी’ हे यंत्र १९८६ मध्ये इस्रायलमध्ये तयार झाले. जिलेट कंपनी २००५ मध्ये प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीत विलीन झाली.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात घरी येणारा वस्तरा म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. न्हावी हा बलुतेदारांपैकी एक होता. धोकटी घेऊन तो घरोघरी जाई, अंगणात किंवा पडवीत बसून हजामत करी आणि सुगीनंतर त्याला धान्य मिळे. आरे-वारे यांसारख्या रत्नागिरीच्या किनारी गावांत धान्य म्हणजे प्रामुख्याने भात. क्षौर कोणत्या वारी करावे व कोणत्या वारी करू नये याचे नियम होते आणि क्षौरानंतर स्नान केल्याशिवाय घरात वावरता येत नसे.

या व्यवस्थेला एक कठोर बाजूही होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या लोकांची हजामत करण्यास गावोगावचे न्हावी नकार देत, कारण तसे केल्यास इतर गिऱ्हाइके तुटत. उच्चवर्णीय घरांत विधवेच्या केशवपनासाठी हाच वस्तरा वापरला जाई. १८९० मध्ये कामगार चळवळीचे प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. अशा समाजात कोणाच्याही हातावर आणि कोणाच्याही संमतीवर अवलंबून नसलेला वस्तरा येणे, याचा अर्थ वेळ आणि पैसा वाचण्यापुरता मर्यादित नव्हता. अर्थात तो विकत घेण्याची ऐपत असणारे प्रथम शहरांतील सुशिक्षित नोकरदारच होते.

जिलेट यांचे ‘फेकून द्या’ हे तत्त्व येथे पूर्णतः रुजले नाही. पाते काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर घासून पुन्हा वापरले जाई. दाढीला निरुपयोगी झाले की ते मुलांच्या पेन्सिलींना टोक काढण्यासाठी, नखे कापण्यासाठी आणि शिवण उसवण्यासाठी घरात वर्षानुवर्षे राही.

भारतात या पात्यांचे उत्पादन करण्यासाठी १९८४ मध्ये इंडियन शेव्हिंग प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे ती जिलेट इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्या व्यवसायाचे काम या पात्याने कमी केले, त्या न्हाव्यांनीही ते स्वीकारले. एड्सविषयी जागृती झाल्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते वापरण्याचा आग्रह वाढला. आज केशकर्तनालयांत दिसणाऱ्या वस्तऱ्याला बहुधा स्वतःची धार नसते. दुधारी पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग त्याच्या खाचेत बसवतात आणि उरलेला अर्धा पुढच्या गिऱ्हाइकासाठी वेष्टनात ठेवतात.