विश्लेषण : हत्तीसाठी एवढीशी गोळी? ‘कारामोजो’ बेल रायफलपेक्षा काडतूस पारखून का घ्यायचा?

जिम कॉर्बेटची रायफल आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी त्याला .२७५ रिग्बी भेट दिली. हलकी, देखणी, वाघ-बिबट्यासाठी पुरेशी. त्याच काळात आफ्रिकेत एक स्कॉटिश माणूस याच मापाच्या काडतुसाने हत्ती मारत फिरत होता. एकदोन नव्हे, कारकीर्द संपेपर्यंत १,०११. त्यातले सुमारे ८०० याच मापाच्या रायफलींनी.

त्याचं नाव वॉल्टर डॅलरिंपल मेटलंड बेल. युगांडाच्या ईशान्येकडील कारामोजा भागावरून (तेव्हाचा उच्चार कारामोजो) त्याला ‘कारामोजो बेल’ म्हणू लागले. शिकारीच्या गप्पांत त्याचं नाव निघतं ते ‘लहान रायफलने हत्ती मारणारा’ म्हणून. ही ओळख अर्धीच आहे. बेलने आयुष्यात बऱ्याच रायफली बदलल्या, आणि दोन चांगल्या रायफली सोडल्या त्या केवळ काडतुसं दगा देतात म्हणून.

रेल्वे, सिंह आणि अडकलेली पुंगळी

बेलचा जन्म १८८० चा, एडिंबराजवळचा. आई-वडील तो अगदी लहान असतानाच गेले. थोरल्या भावांनी सांभाळ केला, पण पोरगं शाळेत टिकेना. कोवळ्या वयातच तो घर सोडून जहाजावर गेला. सोळा-सतराव्या वर्षी पूर्व आफ्रिकेत पोहोचला, तेव्हा युगांडा रेल्वेचं काम सुरू होतं. (हीच ती रेल्वे, जिच्या रुळांसाठी हजारो भारतीय मजूर नेले होते.) मजुरांवर सिंह हल्ले करत, आणि बेलला काम मिळालं ते सिंह मारण्याचं.

हातात .३०३ ची रायफल, एका वेळी एकच काडतूस बसणारी. गोळी सुटायची, पण रिकामी पितळी पुंगळी नळीच्या बुडाशी अडकून बसायची. मग तोंडाकडून सळई घालून ती ठोकून काढायची. समोर जखमी सिंह असताना!

हे का व्हायचं? त्या काळच्या ब्रिटिश काडतुसांत कॉर्डाइट नावाची दारू असे. इंग्लंडच्या थंडीत ती नीट वागायची. उन्हात तापलेल्या काडतुसात मात्र ती जास्त वेगाने जळते, नळीतला दाब वाढतो, पितळ फुगून भिंतीला घट्ट चिकटतं. थंड देशात तपासून पाठवलेला माल गरम देशात नापास होण्याचा हा प्रकार. उन्हाळ्यात फोन तापून बंद पडणाऱ्या नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

मधली भटकंती

आफ्रिकेतून तो कॅनडात क्लोंडाइकच्या सोन्याच्या शोधात गेला. सोनं नाही मिळालं. शिकार करून डॉसन शहराला मांस पुरवण्याचा धंदा केला, तर भागीदार पैसे घेऊन पळाला. मग तो कॅनेडियन घोडदळात भरती होऊन दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धावर गेला. तिथे घोडा गोळी लागून पडला, बेल पकडला गेला आणि निसटलाही.

या युद्धात बोअर सैनिकांच्या हातात ७ मिलिमीटरची जर्मन माउझर रायफल होती, आणि तिने ब्रिटिशांना लांबून चांगलंच भाजून काढलं. पुढे लंडनच्या रिग्बी कंपनीने माउझरच्या यंत्रणेवर शिकारीच्या रायफली बांधल्या आणि त्याच काडतुसाला इंग्रजी मापाचं नाव दिलं, .२७५. म्हणजे बेलचं लाडकं काडतूस हे मुळात शत्रूचं लष्करी काडतूस.

काडतुसाचा शोध

युद्ध १९०२ मध्ये संपलं आणि बेल हस्तिदंताच्या मागे लागला. सुरुवातीला त्याच्याकडे .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफली होत्या. आजूबाजूचे शिकारी मोठ्या दुनळ्या वापरत. त्यातली सर्वांत अवजड .६००, तिची एकेक गोळी ९०० ग्रेनची, म्हणजे जवळपास ५८ ग्रॅमची. बेलच्या .२७५ ची गोळी १७३ ग्रेन, ११ ग्रॅमच्या आसपास. पाचपटींहून जास्त फरक.

पण मेंदूला गोळी लागली तर हत्ती दोन्हींनी जागीच पडतो, आणि मेंदू चुकला तर मोठ्या गोळीचाही भरवसा नाही, असा बेलचा हिशेब होता. त्यासाठी त्याने मेलेल्या हत्तींच्या कवट्या करवतीने उभ्या कापून पाहिल्या. एवढ्या प्रचंड डोक्यात मेंदू असतो पावाच्या लादीएवढा, खूप आत, आणि भोवती मधाच्या पोळ्यासारखं पोकळ्यांचं हाड. गोळीला त्यातून दीड-दोन फूट सरळ जायचं असतं.

इथे ‘अचूक काडतूस’ या शब्दांचा अर्थच बदलतो. नवी रायफल घेणारा आजही चार-पाच प्रकारची काडतुसं आणतो, कागदावर तीन-तीन, पाच-पाच गोळ्या झाडतो आणि कुठल्या काडतुसाची छिद्रं जवळजवळ पडतात ते पाहतो. कारण प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. नळीत आतून आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात. लांब गोळीला जास्त पीळ लागतो, आखूड गोळीला कमी चालतो. ७ मिलिमीटर माउझरच्या नळीत साधारण २२ सेंटीमीटरला एक पूर्ण वळण असे, आणि ते मुळातच या लांब १७३ ग्रेनच्या गोळीसाठी ठरवलेलं. जोडी कारखान्यातच जुळलेली होती.

बेलला मात्र कागदावरची अचूकता पुरेशी नव्हती. गोळी हवेत सरळ गेली पाहिजे आणि हाडातही. शिसं उघडं असलेल्या मऊ टोकाच्या गोळ्या हाडावर पसरतात आणि थांबतात, म्हणून त्याने पूर्ण धातूचं आवरण असलेली, गोल नाकाची जुन्या लष्करी नमुन्याची गोळी धरली. गंमत अशी, की जर्मनीने १९०५ मध्ये आणि ब्रिटनने १९१० मध्ये आपापल्या मुख्य रायफलींसाठी टोकदार गोळ्या आणल्या. हवेत त्या सरस होत्या, लांबवर सपाट जात. पण हाडा-मांसात शिरल्यावर टोकदार गोळी कलंडते, कारण तिचं वजन मागच्या बाजूला असतं. सैनिकाला चाललं, हत्तीच्या शिकाऱ्याला नाही. कागदावर प्रगत झालेला माल त्याच्या कामाला मागासच ठरला.

मग विश्वासार्हतेचा प्रश्न. ६.५ मिलिमीटरची मॅनलिखर-शोनाउअर बेलला मनापासून आवडली होती, त्याच्या मते सगळ्यांत सुंदर रायफल तीच. ती त्याने सोडली, कारण काडतुसं सदोष निघत. नंतर .३१८ वेस्टली रिचर्ड्स घेतली. ती तेव्हा आफ्रिकेत लोकप्रिय होती, गोळीही .२७५ पेक्षा जड. तिथेही तोच अनुभव, आणि तो पुन्हा .२७५ कडे वळला. तीत तो जर्मन काडतुसं वापरी.

हत्तीपासून तीस-चाळीस पावलांवर चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येणं किंवा दारू क्षणभर उशिरा पेटणं म्हणजे काय, याची कल्पना करा. उशिरा पेटलेल्या काडतुसाची गोळी सुटेपर्यंत नेम हललेला असतो. हत्ती मरत नाही, जखमी होतो आणि शिकारी कुठे आहे ते त्याला कळतं. शिवाय काडतुसं बोटीने मोंबासाला येत आणि पुढे हमालांच्या डोक्यावरून महिनोन्‌महिने आत जात. पेटी खराब निघाली तर बदलून द्यायला दुकान नव्हतं.

उरलेल्या .३१८ च्या काडतुसांचं काय झालं? एका सरोवरावर बेल उडते पाणकावळे टिपताना लोकांनी पाहिला. पाहणाऱ्यांना वाटलं, छऱ्याची बंदूक असणार. प्रत्यक्षात तो भरवसा उडालेली काडतुसं संपवत होता, रायफलने, उडत्या पक्ष्यांवर.

मग लहान रायफल चांगली का?

हा निष्कर्ष काढणाऱ्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. बेल आपली रायफल स्वतःच उचलून चालायचा, वाटेत रिकाम्या रायफलीने नेम धरून चाप ओढण्याचा सराव करायचा. मारलेल्या प्रत्येक नर हत्तीमागे सरासरी ७३ मैल चाल झाली, असा त्याचाच हिशेब. वर्षात बुटांचे २४ जोड झिजत. मागून तिरक्या कोनातून मेंदू गाठायच्या नेमाला आजही शिकारी त्याचं नाव देतात. त्याची नक्कल करणाऱ्यांकडे काडतूस तेच होतं, बाकीचं नव्हतं.

आणि हे सगळं कशासाठी होतं? बिलियर्डच्या चेंडूंसाठी, पियानोच्या पट्ट्यांसाठी. १,०११ हा आकडा आज कौतुकाने वाचवत नाही. त्या काळी हा कायदेशीर धंदा होता, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येतं. त्यातही लाडो एन्क्लेव्हसारख्या भागात, बेल्जियमचा राजा लिओपोल्ड १९०९ मध्ये वारल्यानंतर, कायदा जवळपास उरलाच नव्हता आणि शिकाऱ्यांची झुंबड उडाली होती. बेलही तिथे होता.

पहिल्या महायुद्धात तो विमान चालवायला शिकला आणि पूर्व आफ्रिकेत लढला, मिलिटरी क्रॉस मिळवला. युद्धानंतर आफ्रिकेत थोडी भटकंती करून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीन घेऊन राहिला, पत्नीसोबत शिडाच्या बोटीतून शर्यती केल्या. स्वतःच्या पुस्तकांतली चित्रंही त्याने स्वतः काढली. १९५४ मध्ये तो वारला. तिसरं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९६० मध्ये आलं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषय पुस्तकांपुरताच उरला. आफ्रिकेत जिथे हत्तीची शिकार परवान्याने चालते, त्यातल्या अनेक देशांत किमान .३७५ चं काडतूस सक्तीचं आहे. बेलची .२७५ घेऊन गेलेल्याला तिथे हत्तीचा परवाना मिळणार नाही.