ना राजीनामा, ना नोटीस... मंटो बॉम्बे टॉकीजची नोकरी सोडून थेट कराचीच्या बोटीत बसला

१९४७ साल संपत आलं होतं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये कथा लिहिणारा एक माणूस अचानक कामावर यायचा बंद झाला.

त्याला कुणी काढलं नव्हतं. उलट स्टुडिओ चालवणारे दोघेही, अशोककुमार आणि सावक वाच्छा, त्याच्या जवळचे होते. ते चौकशी करायचे, तेव्हा हा तब्येत बरी नसल्याचं सांगून वेळ मारून न्यायचा. राजीनामा नाही, नोटीस नाही, हिशेब नाही. घरात पडून राहायचं आणि प्यायचं, एवढंच चालू होतं.

हा माणूस म्हणजे सआदत हसन मंटो.

मंटोचा जन्म ११ मे १९१२ चा, पंजाबातल्या समराळ्याचा. १९३६ मध्ये तो मुंबईत आला ते 'मुसव्विर' या उर्दू साप्ताहिकाचा संपादक म्हणून. पुढे सिनेमात शिरला. १९३७ चा 'किसान कन्या' हा भारतात तयार झालेला पहिला रंगीत बोलपट, त्याची पटकथा मंटोची. भायखळ्याच्या क्लेअर रोडवर त्याने संसार थाटला. मुंबईने त्याला पैसा दिला, दोस्त दिले आणि मुख्य म्हणजे कथांसाठी माणसं दिली.

अशी नोकरी सोडायची त्याची ही पहिली वेळ नव्हती बरं का. १९४१ मध्ये तो दिल्लीला ऑल इंडिया रेडिओत गेला होता. तिथे टाइपरायटर पुढे घेऊन त्याने दीड-एक वर्षात शंभराच्या वर श्रुतिका लिहिल्या. याच काळात त्याचा तान्हा मुलगा आरिफ गेला. त्यातून तो कधीच सावरला नाही. मग एका श्रुतिकेत सहकाऱ्यांनी फेरफार केले आणि निमित्त मिळालं. मंटोने सामान उचललं आणि १९४२ मध्ये तो मुंबईला परत आला. संहितेतल्या खाडाखोडीवरून चिडून गेला असंच ते दिसलं. आतून तो आधीच किती मोडलेला होता, हे कुणी विचारलं नसावं.

मुंबईत तो गोरेगावच्या फिल्मिस्तानमध्ये रमला. 'आठ दिन' या सिनेमात तर त्याने छोटी भूमिकाही केली. पुढे अशोककुमार आणि वाच्छा यांनी डबघाईला आलेली बॉम्बे टॉकीज हाती घेतली, तेव्हा मंटोही त्यांच्यासोबत गेला.

आणि नेमकी तेव्हाच फाळणी आली.

मुंबईत दंगली पेटल्या होत्या. स्टुडिओत महत्त्वाच्या जागांवर बरेच मुसलमान होते. त्यांना काढा, नाहीतर स्टुडिओ जाळू, अशी पत्रं येऊ लागली. अशोककुमार आणि वाच्छा यांनी ती मनावर घेतली नाहीत. अशोककुमारांच्या मते हे वेड होतं, ते उतरणार होतं. पण मंटोच्या डोक्यात ते बसलं. उद्या खरंच काही झालं तर त्याला आपण जबाबदार असू, असं त्याला वाटू लागलं.

एका रात्री अशोककुमार त्याला गाडीतून घरी सोडायला निघाले. वाटेत मुस्लिम वस्तीत वरात आडवी आली. एवढा मोठा हिंदू नट इथे ओळखला गेला तर? मंटो घामाघूम. झालं भलतंच. लोकांनी अशोकभाईंना ओळखलं आणि उलट जवळचा रस्ता दाखवून दिला. अशोककुमार निवांत होते. मंटोची भीती मात्र गेली नाही.

त्याहून मोठा घाव घरच्याच माणसाकडून बसला. नट श्याम हा मंटोचा जिवलग यार, वाढलेला रावळपिंडीत. तिथून जीव वाचवून आलेल्या शीख कुटुंबाच्या कहाण्या दोघांनी एकत्र ऐकल्या. नंतर मंटोने त्याला सरळ विचारलं, मीही मुसलमानच आहे, मला मारावंसं वाटतं का? श्याम प्रामाणिक माणूस. त्याने कबूल केलं की आत्ता नाही, पण ते ऐकताना मारूही शकलो असतो. मंटोला त्याचा राग आला नाही. उलट दंगलीत माणसं कशी वागतात ते त्याला त्या क्षणी समजलं. कदाचित तेच त्याला सहन झालं नसावं.

दंगलींमुळे मंटो गेला, असं सरसकट सांगितलं जातं. पण याला आणखी एक बाजू आहे. स्टुडिओत त्याची कथा मागे पडली होती आणि नझीर अजमेरी, इस्मत चुगताई, कमाल अमरोही यांच्या कथा पुढे गेल्या होत्या. त्यांतूनच 'मजबूर', 'जिद्दी' आणि 'महल' झाले. हे तिघेही मुसलमानच, म्हणजे इथे प्रश्न धर्माचा नव्हता, लेखकाच्या मानाचा होता. शिवाय बायको सफिया आणि लहान मुलगी निगहत आधीच लाहोरला गेल्या होत्या. रिकामं घर, दारू, भीती आणि अपमान. यातलं नेमकं कुठलं कारण, हे बहुधा त्यालाही सांगता आलं नसतं.

जानेवारी १९४८ मध्ये त्याने सामान बांधलं. श्यामने मदत केली, बंदरावर सोडायलाही तोच आला आणि बोट सुटेपर्यंत हसवत राहिला. कराचीमार्गे मंटो लाहोरला पोहोचला. इस्मतला हे जाणं अजिबात पटलं नव्हतं, तिला तो पळपुटेपणा वाटला.

लाहोरमध्ये सिनेमाचा धंदा जवळपास बसलेला होता. पहिले काही महिने आपण मुंबईत आहोत की लाहोरात हेच त्याला उमजत नव्हतं. मग लेखणी चालू लागली, पण 'ठंडा गोश्त'वर अश्लीलतेचा खटला चालला. घर चालवायला वीस-पंचवीस रुपयांना कथा विकाव्या लागल्या. दारू सोडवण्यासाठी त्याला दोनदा मनोरुग्णालयात ठेवलं. त्याची सर्वात गाजलेली कथा 'टोबा टेक सिंह' लाहोरच्या अशाच इस्पितळात घडते.

१९५१ मध्ये शूटिंगच्या वेळी घोड्यावरून पडून श्याम गेला. मंटोला परत मुंबईला यायचं होतं, मला कसंही करून बोलावून घ्या, असं त्याने इस्मतला कळवलं होतं. ते झालं नाही.

१९५४ मध्ये भारतात सोहराब मोदींचा 'मिर्झा गालिब' आला, त्याची कथा मंटोची होती. १८ जानेवारी १९५५ ला, वयाच्या ४२ व्या वर्षी, मंटो लाहोरमध्ये वारला. १९५४ सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक 'मिर्झा गालिब'ला मिळालं.