मणिलाल डॉक्टर आणि ‘हिंदुस्तानी’चा छापखाना

आपले पणजोबा-खापरपणजोबा पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा सरकारी वहीत त्यांच्या नावापुढे एक क्रमांक पडला. पुढे त्यांच्याविषयी पुष्कळ छापले गेले. त्यांनी किती ऊस तोडला, किती जण पळाले, किती जणांना शिक्षा झाली, हे सगळे कागदोपत्री आले. पण ते फ्रेंचमध्ये किंवा इंग्रजीत होते, आणि मळेवाल्यांनी व साहेबांनी वाचावे म्हणून होते. मळेवाल्यांची बाजू मांडणारे ‘ल सेर्नेएं’ १८३२ पासून निघत होते. कोठीवर राबणाऱ्या माणसाची बाजू मांडणारे पत्र मात्र पहिले जहाज येऊन पाऊणशे वर्षे होत आली तरी नव्हते. ती उणीव ज्यांनी भरून काढली, त्या मणिलाल डॉक्टर यांचे स्मरण करू या.

मणिलाल मगनलाल यांचा जन्म २८ जुलै १८८१ रोजी गायकवाडांच्या बडोद्यात झाला. वडील डॉक्टर, म्हणून घराण्याला ‘डॉक्टर’ हेच आडनाव पडले. स्वतः मणिलाल मात्र वकील होते. मुंबईत शिक्षण घेऊन ते बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले आणि तेथे १९०६ मध्ये त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजी १९०१ साली आफ्रिकेतून हिंदुस्थानास जाताना मॉरिशसला थांबले होते. येथील हिंदी लोकांच्या मुलांना शिक्षण नाही आणि त्यांचा कैवार घेणारे कोणी नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल ऑक्टोबर १९०७ मध्ये या बेटावर आले. वय अवघे सव्वीस.

कोर्टात पाऊल ठेवताच त्यांना येथील रीत कळली. पगडी उतरवून उभे राहण्यास त्यांनी नकार दिला आणि हा प्रश्न गव्हर्नरपर्यंत नेला. गोष्ट एका पगडीची दिसते, पण कोठीवरच्या लोकांना तिचा अर्थ बरोबर समजला. आपली फिर्याद घेऊन ते या वकिलाकडे येऊ लागले. त्यांचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे दुहेरी कपातीचे होते. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी जात असे. आजारी माणूस बरा होऊन कामावर येई तो कर्जबाजारी होऊनच. त्यावर रविवारची फुकटची राबणूक होतीच.

कोर्टात एकेका माणसाचा खटला लढता येतो. पण त्या खटल्यात काय झाले हे दुसऱ्या कोठीवर कोण सांगणार? यासाठी छापखाना हवा होता. १५ मार्च १९०९ रोजी ‘हिंदुस्तानी’ हे पत्र सुरू झाले. आरंभी ते इंग्रजी आणि गुजराती अशा दोन भाषांत निघे. इंग्रजी बाजू सरकारने वाचावी म्हणून, आणि गुजराती शहरातील व्यापाऱ्यांची भाषा म्हणून. पण ऊसमळ्यावर गुजराती वाचणारे किती? मणिलाल यांनी लवकरच गुजरातीच्या जागी हिंदी आणली. स्वतः गुजराती असूनही त्यांनी आपल्या भाषेचा आग्रह धरला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या बदलाचा आपल्या मराठी घरांशीही संबंध आहे. हिंदीचे अक्षर ते आपलेच बालबोध अक्षर. पोथी वाचता येणाऱ्या माणसाला ते पत्र अनोळखी नव्हते. आणि वृत्तपत्र वाचायला सगळ्यांनाच अक्षरओळख लागत नाही. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, अशी आपल्या बैठकीची रीतच आहे.

त्याच १९०९ साली सर फ्रँक स्वेटनहॅम यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग बेटावर आला. मणिलाल यांनी त्यासमोर मजुरांच्या वतीने साक्ष दिली. नवे कंत्राटी मजूर आणणे बंद करावे, असे आयोगाने सुचवले, आणि १९१० नंतर ती आयात थांबली. हे श्रेय एकट्या मणिलाल यांचे नव्हे. पण आयोगासमोर मजुरांची बाजू नीट मांडली गेली, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

१९११ मध्ये त्यांनी मॉरिशस सोडले. जाताना छापखाना आर्य समाजाच्या स्वाधीन केला, आणि त्यातून ‘मॉरिशस आर्य पत्रिका’ निघू लागली. त्यांच्याच प्रयत्नाने १९१२ मध्ये महाराष्ट्रातले पंडित आत्माराम विश्वनाथ येथे आले आणि त्यांनी ‘हिंदुस्तानी’चे काम पाहिले. याच आत्मारामांनी १९२३ मध्ये मॉरिशसचा इतिहास हिंदीत लिहिला. छापखाना एकदा उभा राहिला की तो माणसे कशी घडवतो आणि खेचून आणतो, याचे हे उदाहरण.

मणिलाल मात्र घरी स्वस्थ बसले नाहीत. १९१२ मध्ये ते फिजीला गेले. तेथेही गिरमिटियांचे खटले, तेथेही एक पत्र, ‘इंडियन सेटलर’. १९२० च्या आरंभी सुव्हा येथे संप झाला. त्यांच्या पत्नी जयकुंवर स्त्रियांच्या आघाडीवर होत्या. सरकारने पतिपत्नी दोघांनाही फिजीबाहेर जाणे भाग पाडले. पुढे न्यूझीलंडने त्यांना वकिलीची परवानगी नाकारली. साम्राज्याच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात हिंडत अखेर एडनमध्ये त्यांनी बरीच वर्षे काढली. १९५६ च्या जानेवारीत मुंबईत त्यांचे देहावसान झाले. आपल्या पूर्वजांपैकी अनेकांनी ज्या बंदरातून जहाज धरले, त्याच शहरात.

मॉरिशसमध्ये त्यांचे वास्तव्य जेमतेम चार वर्षांचे. पोर्ट लुईच्या कंपनी बागेत त्यांचा पुतळा आहे. मुलांना घेऊन तेथून जाल तेव्हा क्षणभर थांबा आणि त्यांना सांगा, की आपल्या माणसांचे गाऱ्हाणे आपल्या माणसांना वाचता येईल अशा अक्षरांत छापावे, हे या गृहस्थाला सुचले होते.