नासपतीच्या आकाराचे संगीत

पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचनेचे बारसे करणे एके काळी फारसे अवघड नव्हते. सोनाटा, प्रिल्यूड की सिंफनी एवढे ठरवायचे, त्याला स्वरपट्टी आणि क्रमांक जोडायचा, की काम झाले. एकोणिसाव्या शतकात संगीतकार काव्यमय शीर्षकांकडे वळले आणि निसर्ग, स्वप्ने, आठवणी यांची रेलचेल झाली. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराला यांतला कोणताच मार्ग मानवला नाही. त्याने दिलेली नावे वाचून लोक हसले, आणि हसण्याच्या नादात त्याचे संगीत नीट ऐकायचे राहून गेले.

सातीचा जन्म १७ मे १८६६ रोजी नॉर्मंडीतील ओंफ्लर या बंदराच्या गावी झाला. सहाव्या वर्षी आई गेली. १८७९ मध्ये तो पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत दाखल झाला. तेथील शिक्षकांनी त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का मारला. अखेर शिक्षण अर्धवट टाकून तो मोंमार्त्रमधील कॅबेरेंच्या दुनियेत शिरला. तेथे त्याची ओळख ‘जिम्नोपेदिस्त’ अशी करून देण्यात आली. प्राचीन स्पार्टात तरुण नर्तकांचा ‘जिम्नोपीडिया’ नावाचा उत्सव होत असे, त्यावरून बनवलेला हा भारदस्त शब्द. १८८८ मध्ये त्याने पियानोसाठी तीन ‘जिम्नोपेदी’ लिहिल्या. म्हणजे धंदा आधी ठरला, माल मागाहून आला! संगीत मात्र संथ, उदास आणि विलक्षण साधे. क्लोद देब्युसीने त्यांतील दोन रचनांना वाद्यवृंदाचे रूप दिले. पाठोपाठ ‘ग्नोसिएन’ आल्या. हा शब्दही सातीचाच. तो क्रीटमधील क्नोसोसवरून आला की ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान या ग्रीक शब्दावरून, याचा वाद अभ्यासक आजही घालतात.

१८९८ मध्ये तो पॅरिसबाहेरच्या आर्केय या कामकरी वस्तीत राहायला गेला. १९०३ मध्ये ‘नासपतीच्या आकाराचे तीन तुकडे’ ही दोघांनी एका पियानोवर वाजवायची रचना तयार झाली. तुकडे तीन नव्हे, सात आहेत. फ्रेंच बोलीत नासपतीला जो शब्द आहे, तोच भोळसट माणसालाही लावतात, हे लक्षात घेतले म्हणजे बोचरेपणा कळतो. रचनेला आकार हवा, असे देब्युसीने सुचवल्यावर सातीने हे उत्तर दिले, अशी कथा सांगतात. ती इतकी चपखल आहे की तिच्यावर जपूनच विश्वास ठेवावा.

आपल्याला तंत्र येत नाही, ही टीका मात्र त्याच्या मनाला लागली असावी. वयाच्या ३९व्या वर्षी, १९०५ मध्ये, तो स्कोला कॅन्टोरममध्ये विद्यार्थी म्हणून बसला आणि १९०८ मध्ये काउंटरपॉइंटची पदविका घेऊन बाहेर पडला. १९११ मध्ये मॉरिस रावेलने त्याच्या जुन्या रचना मैफलीत वाजवल्या आणि पॅरिसला साती नव्याने सापडला. यानंतर नावांना ऊत आला. १९१२ मध्ये त्याने ‘लिबलिबीत प्रिल्यूड (एका कुत्र्यासाठी)’ लिहिल्या. प्रकाशकाने त्या परत केल्या, तेव्हा त्याने नव्या लिहून ‘खऱ्याखुऱ्या लिबलिबीत प्रिल्यूड’ असे नाव दिले. नाव लिबलिबीत, पण स्वरावलींची वीण घट्ट आणि काटेकोर. देब्युसी आपल्या प्रिल्यूडची काव्यमय नावे प्रत्येक रचनेच्या शेवटी छापत असे. त्याच्यालेखी ते हळुवार सुचवणे होते. सातीच्या हाती नाव ही ढाल होती. दरवाजातच हसून घेतलेला श्रोता आत येऊन टीका करत नाही.

पुढे ‘सुकलेले भ्रूण’ (१९१३) आणि क्लेमेंतीच्या सोनाटिनेवर बेतलेली ‘नोकरशाही सोनाटिना’ (१९१७) आली. स्वरलिपीच्या ओळींमध्ये तो गमतीदार मजकूरही लिही. १९१४ मध्ये मात्र वादन चालू असता तो मोठ्याने वाचण्यास त्याने मनाई केली. तो मजकूर वादकापुरताच होता.

या ढालीची किंमत त्याला ‘सोक्रात’च्या वेळी मोजावी लागली. प्लेटोच्या संवादांवर आधारलेली, सॉक्रेटिसच्या मृत्यूशी थांबणारी ही गायनरचना त्याने १९१८ मध्ये पूर्ण केली. नाव साधे, हेतू गंभीर. पण १९२० मध्ये ती जाहीरपणे सादर झाली, तेव्हा श्रोत्यांमध्ये हशा उमटला. विदूषक गंभीर होऊ शकतो, यावर त्यांचा विश्वासच बसला नाही.

१९२४ च्या बॅलेला त्याने आणि चित्रकार फ्रान्सिस पिकाबियाने ‘रेलाश’ हे नाव दिले. खेळ नसलेल्या दिवशी फ्रेंच नाट्यगृहाच्या दारावर हाच शब्द लावतात. २७ नोव्हेंबरला प्रमुख नर्तक आजारी पडल्याने पहिला खेळ खरोखरच रद्द झाला. बंद दारासमोर जमलेल्या प्रेक्षकांना ही जोडगोळीची नवी थट्टा वाटली. बॅले ४ डिसेंबरला रंगमंचावर आला.

साती १ जुलै १९२५ रोजी यकृताच्या विकाराने वारला. त्याच्या हयातीत जिचा उंबरठा मित्रांनी कधी ओलांडला नव्हता, ती आर्केयची खोली तेव्हा उघडली. आत छत्र्यांचा ढीग होता, मखमली सूट होते, एकावर एक ठेवलेले दोन पियानो होते. पियानोमागे एक हस्तलिखित पडलेले आढळले. ते आपण बसमध्ये विसरलो, अशी सातीची समजूत होती. दारियस मियोने त्याला वाद्यवृंदाचा साज चढवला आणि १९२६ मध्ये त्यावर बॅले सादर झाला. झाकण उघडताच आतली बाहुली उसळी मारून वर येते, त्या खेळण्याचे नाव सातीने या रचनेला दिले होते: ‘जॅक इन द बॉक्स’.