नाही म्हणणारा जॉर्ज

‘कासाब्लांका’ बघून झाला की नंतरच्या चहाला ग्रुपमधला एक जण हमखास सांगतो, की यातला रिकचा रोल आधी जॉर्ज राफ्टला दिला होता आणि त्यानं चक्क नाही म्हटलं. मग सगळे हसतात. एवढा सोन्यासारखा सिनेमा घालवणारा हा येडा कोण, असा एकूण सूर असतो. खरं तर राफ्टनं ‘कासाब्लांका’ नाकारलाच नव्हता. बाकी बरंच काही नाकारलं होतं. आणि ते का, हे कळलं की त्याला हसावंसं वाटत नाही.

हा गडी मूळचा न्यूयॉर्कचा. ‘हेल्स किचन’ नावाच्या वस्तीत १९०१ साली जन्मला. वस्तीचं नाव ऐकूनच अंदाज येतो तिथं काय शिजत असेल त्याचा. शाळा लवकर सुटली, घरही सुटलं. बॉक्सिंग करून बघितलं, त्यात मार खाल्ला. पण पायात मात्र जादू होती. नाइट क्लबांमध्ये तो चार्ल्स्टन नाचायला लागला, तो इतक्या वेगानं की लोक जेवण सोडून बघत बसायचे. ते दारूबंदीचे दिवस होते. क्लब म्हटलं की चोरटी दारू आणि दारू म्हटलं की गँगस्टर आलेच. त्यातला एक मोठा माणूस, ओनी मॅडन, हा तर राफ्टचा लहानपणापासूनचा दोस्त. म्हणजे पुढे पडद्यावर त्यानं जे लोक उभे केले, ते त्याला कुठल्या वर्कशॉपमध्ये जाऊन शिकावे लागले नाहीत. त्यांच्यातच तो वाढला होता.

१९३२ साली हॉवर्ड हॉक्सचा ‘स्कारफेस’ आला. हीरो पॉल म्युनी. राफ्ट त्याचा उजवा हात, फार न बोलणारा, सतत एक नाणं हवेत उडवून झेलणारा. संवाद मोजके, अभिनयही बेतास बात, पण नजर त्या नाण्यावरून हटत नाही. शेवटी दारातच त्याला गोळी लागते. या मरणानं राफ्ट स्टार झाला. अमेरिकेतली पोरं गल्लोगल्ली नाणी उडवायला लागली.

इथूनच त्याची अडचण सुरू झाली. पडद्यावरचा गुंड आणि खरा जॉर्ज यांच्यात लोकांना फरक दिसेना, कारण फरक फार मोठा नव्हताच. दोस्त खरे, सूट खरे, बोलण्याची ढबही खरी. राफ्टला मात्र सभ्य माणूस म्हणून ओळख हवी होती. मग त्यानं स्वतःपुरता एक नियमच केला म्हणा ना. गुंड करीन, पण आतून चांगला असलेला. घाणेरडा माणूस करणार नाही. आणि शक्यतो मरणार नाही.

१९३३ मध्ये ‘द स्टोरी ऑफ टेम्पल ड्रेक’मधला बलात्कारी गुंड त्यानं नाकारला. पॅरामाउंट स्टुडिओनं त्याला सस्पेंड केलं, तरी ऐकलं नाही. रोल जॅक ला रू नावाच्या नटाकडे गेला आणि त्याचं त्यातून फार काही भलं झालं नाही. म्हणजे पहिला नकार बरोबरच होता की! पहिल्याच वेळी अंदाज बरोबर आला, की माणसाला वाटायला लागतं आपल्याला यातलं कळतं. १९३७ मध्ये ‘डेड एंड’मधला गँगस्टर त्यानं नाकारला. तो मिळाला हंफ्री बोगार्टला.

बोगार्ट तेव्हा कोणी नव्हता. वॉर्नर ब्रदर्समध्ये दुय्यम गुंडाची कामं करायचा, म्हणजे चौथ्या-पाचव्या रिळात गोळी खाऊन पडायचा. राफ्टही १९३९ मध्ये वॉर्नरकडे आला. १९४० च्या ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’मध्ये दोघं ट्रक चालवणारे भाऊ आहेत. राफ्टचं नाव सगळ्यात वर, बोगार्टचं चौथं. संधी मिळाली तर बघा, अवघा वर्षभर आधीचा हा हिशेब आहे.

मग आला ‘हाय सिएरा’. तुरुंगातून सुटलेला, थकलेला दरोडेखोर. शेवटी डोंगरावर पोलिसांच्या गोळीनं मरतो. मरतो म्हटल्यावर राफ्टनं नाही म्हटलं. त्याला या निर्णयाला बोगार्टनंच गोड बोलून नेलं, असं सांगतात. रोल बोगार्टनं केला आणि लोकांना पहिल्यांदा दिसलं की या माणसाच्या चेहऱ्यावर दुःखही छान दिसतं.

त्याच वर्षी, १९४१ मध्ये, ‘द माल्टीज फाल्कन’. आता यातली राफ्टची बाजू ऐका. डॅशिएल हॅमेटच्या त्या कादंबरीवर आधी दोन सिनेमे येऊन गेलेले. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन पहिल्यांदाच दिग्दर्शन करणार. आपण रिमेक करणार नाही, अशी बोली राफ्टनं आधीच करून ठेवलेली. त्यानं जॅक वॉर्नरला पत्र लिहून कळवलं की हा काही महत्त्वाचा सिनेमा नाही. कागदावर बघितलं तर काय चुकलं त्याचं? नवखा माणूस, तिसऱ्यांदा शिळी कढी. तुम्ही-मीही नाहीच म्हटलं असतं. त्याऐवजी त्यानं मार्लिन डिट्रिश आणि एडवर्ड जी. रॉबिन्सनबरोबर ‘मॅनपॉवर’ केला. त्या सेटवर त्याची रॉबिन्सनशी मारामारी झाली आणि तिचा फोटोही छापून आला. आज तो सिनेमा आठवतो तो बहुतेक त्या फोटोमुळेच. इकडे सॅम स्पेडच्या रोलनं बोगार्ट बोगार्ट झाला.

त्यामुळेच १९४२ मध्ये ‘कासाब्लांका’च्या वेळी गोष्ट उलटी झाली. राफ्टला आता शहाणपण आलं होतं. त्याला तो रोल हवा होता. जॅक वॉर्नरनं निर्माता हॅल वॉलिसला त्याचं नाव सुचवलंही. वॉलिसनं साफ सांगितलं की रिकसाठी बोगार्टच हवा, राफ्ट नको. स्टुडिओच्या चिठ्ठ्यांमध्ये हे सगळं आहे. आयुष्यभर नाही म्हणणाऱ्याला ऐन वेळी नाही ऐकावं लागलं, आणि टपरीवरच्या गोष्टीत मात्र तेही त्याच्याच खात्यावर जमा झालं.

यानंतर तरी त्यानं ताळ्यावर यावं ना! बिली वाइल्डर ‘डबल इन्डेम्निटी’ घेऊन त्याच्याकडे गेला. बाईच्या नादानं खून करणारा विमा एजंट. वाइल्डर पुढे हा किस्सा रंगवून सांगायचा. त्यानं तोंडी गोष्ट ऐकवायला घेतली, तर राफ्ट मध्येमध्ये विचारत राहिला की हीरो कोटाची कॉलर कधी उलटतो? म्हणजे आत पोलिसाचा बिल्ला दिसेल आणि कळेल की हा खरा चांगलाच माणूस होता. तसं काही नाही कळल्यावर त्यानं नकार दिला. मला या माणसाचं सगळं आयुष्य या एका प्रश्नात दिसतं. रोल फ्रेड मॅकमरेनं केला.

पुढची उतरण थोडक्यात. वॉर्नरशी फाटलं, सिनेमे सुमार होत गेले. हवानातल्या कॅप्री हॉटेलच्या कसिनोत तो पाहुण्यांचं स्वागत करायला उभा राहिला, तेवढ्यात क्युबात क्रांती झाली. नंतर लंडनच्या एका कसिनोत तेच काम. १९६७ मध्ये ब्रिटननं त्याला देशात यायला बंदी केली. कारण तेच जुनं, ज्यांच्याशी नाव जोडलं जाऊ नये म्हणून इतके रोल सोडले तीच माणसं.

मधे एकदा वाइल्डरनंच त्याला परत बोलावलं. १९५९ चा ‘सम लाइक इट हॉट’. राफ्ट गँगस्टर, आणि समोर एक पोरगा नाणं उडवतोय. राफ्ट ते हवेतच पकडतो आणि विचारतो की ही फालतू सवय कुठून उचललीस. तो पोरगा म्हणजे रॉबिन्सनचा मुलगा. नंतर केकमधून बाहेर येऊन तोच राफ्टला गोळ्या घालतो. या वेळी राफ्ट मरायला तयार झाला, आणि काय झकास मरतो तो त्यात!

बोगार्ट १९५७ मध्येच गेला होता. राफ्ट गेला २४ नोव्हेंबर १९८० ला. त्याच वर्षी त्याचा शेवटचा सिनेमा लागला होता. एक माणूस सर्जरी करून चेहरा बदलून घेतो आणि खासगी डिटेक्टिव्ह होतो, अशी गोष्ट. राफ्टचा रोल अगदी छोटा. सिनेमाचं नाव, ‘द मॅन विथ बोगार्ट्स फेस’.