गोपाळबाबा वलंगकर आणि शस्त्राचा हक्क

शस्त्र कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न वरवर कायद्याचा, पण मुळात सत्तेचा आहे. जपानमध्ये १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या. त्यांचे लोखंड बुद्धमूर्तीच्या कामी लावू, असे कारण दिले. सामान्य घरातून वर आलेल्या या माणसानेच शस्त्र सामुराईंपुरते ठेवून जन्माचा भेद पक्का केला. पुढे १८७३ च्या सक्तीच्या लष्करभरतीने शेतकऱ्याच्या मुलालाही सैन्याचे दार उघडले. १८७६ साली सामुराईंच्या कमरेची तलवारही गेली.

आपल्याकडे उलटे घडले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसावर परवान्याची सक्ती आली, युरोपियनांना मात्र सूट मिळाली. गावकुसाबाहेरच्या माणसाला शस्त्र मिळण्याची वाट उरली ती पलटणीची. १८९० च्या दशकात लढाऊ जातींचा सिद्धांत पुढे करून महारांची भरती थांबवली गेली आणि तीही बंद झाली.

या अन्यायाविरुद्ध उभे राहिले गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढूळचे हे सुपुत्र स्वतः फौजेतले. १८८६ साली निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले. पेन्शन घेऊन स्वस्थ बसले नाहीत. जोतीराव फुल्यांचा विचार त्यांनी स्वीकारला, ‘दीनबंधु’त लेखन केले, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेवर धर्ममार्तंडांना जाब विचारला आणि अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली. १८९४ साली त्यांनी भरती पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारला उद्देशून अर्ज तयार केला. अस्पृश्य हे मूळचे क्षत्रिय, असा दावा त्यात होता. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसणेही सवर्ण सभासदांना सहन झाले नाही. १९०० साली बाबा गेले.

त्यांची मागणी मात्र मेली नाही. १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ साली ती मोडली गेली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. तिची पहिली बटालियन बेळगावात, तर दुसरी आपल्या सदरपासून जवळच असलेल्या कामठीत. सदर हे नावही छावणीच्या बाजाराचेच!

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. जपानने त्याआधी एकच वर्ष, १९५८ साली, आपला कडक कायदा केला. तिथे पोलिसाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असते, सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगता येत नाही. आपल्याकडे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत तिसरा नियम आहे. अत्याचारप्रवण भागात गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे परवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तो सांगतो.

प्रत्येक घरात बंदूक असावी, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पण अत्याचार करणाऱ्याचा परवाना कायम आणि पीडित निःशस्त्र, याला कायद्याचे राज्य म्हणत नाहीत. आपल्या जिल्ह्यात या नियमाखाली किती परवाने रद्द झाले, हे दक्षता समितीच्या बैठकीत विचारा. गोपाळबाबांनी अर्ज लिहिला तेव्हा हाती कायदा नव्हता. आज तो आहे, विचारणारे हवेत.