शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक

भित्तिपत्रकाच्या या अंकासाठी गुरुजींनी आम्हाला थोर पुरुषांची माहिती लिहून आणायला सांगितली. वर्गातल्या बहुतेकांनी राजे नाहीतर पुढारी निवडले. मी एक हेर निवडला. त्यांचे नाव बहिर्जी नाईक. माझ्या बाकावरच्या मित्राला हे पटले नाही. त्याचे म्हणणे असे की हेर म्हणजे लबाड माणूस, तो सगळ्यांना फसवतो, मग तो थोर कसा? मला तेव्हा उत्तर आले नाही. म्हणून मी गुरुजींना विचारून विचारून ही माहिती जमवली.

हेर म्हणजे शत्रूच्या मुलखात जाऊन गुपचूप बातमी आणणारा. पूर्वी त्याला जासूद असेही म्हणत. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० साली शिवनेरीवर झाला. त्यांचे स्वराज्य आधी लहान होते. एकीकडे विजापूरचा आदिलशहा आणि दुसरीकडे मोगल बादशहा औरंगजेब. दोघांच्या फौजा लई मोठ्या होत्या. थोड्या लोकांनी मोठ्या फौजेशी लढायचे तर शत्रू कुठे आहे, किती आहे, कोणत्या वाटेने येणार हे आधीच कळाले पाहिजे. हे काम महाराजांचे हेर करीत. बहिर्जी त्यांचे प्रमुख होते.

बहिर्जी वेश बदलण्यात फार पटाईत होते असे सांगतात. कधी फकीर, कधी वासुदेव, तर कधी भिकारी. आमच्या गावात सुगीला रायरंद येतो. तो एक दिवस पोलीस होतो अन् दुसऱ्या दिवशी डॉक्टर. लहान लेकरं भितात, पण मोठी माणसं हसतात आणि त्याला ज्वारी देतात. बहिर्जींना शत्रूने ओळखले असते तर कोणी हसले नसते. त्यांचा जीवच गेला असता. आणि तिथे मदतीला आपले कोणीच नसते.

आता सुरतेची हकिकत. औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान १६६० साली पुण्यात येऊन बसला. तीन वर्षे त्याच्या फौजेने मुलूख उजाड केला. शेतकऱ्यांचे हाल झाले. स्वराज्याला पैसा पाहिजे होता. सुरत हे मोगलांचे मोठे श्रीमंत बंदर. तिथे खूप संपत्ती आहे ही बातमी बहिर्जींनी महाराजांना आणून दिली. सभासदाच्या बखरीत तसे आहे असे गुरुजींनी सांगितले. सुरत फार लांब आणि सगळी वाट शत्रूच्या मुलखातली. बातमी खोटी निघाली असती तर हजारो मावळे तिथेच अडकले असते. पण महाराजांचा बहिर्जींवर भरवसा होता. जानेवारी १६६४ मध्ये महाराज अचानक सुरतेला पोचले. शहराला भक्कम तट नव्हता. तिथला सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन लपला. महाराज पुष्कळ धन घेऊन परत आले.

दुसरी हकिकत मला जास्त आवडते, कारण ती आपल्या मराठवाड्यातली आहे. नांदेडहून रेल्वेने मुंबईला जाताना जालना लागते. तेच हे जालना. नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांनी मोगलांच्या ताब्यातल्या जालन्यावर स्वारी केली. परत येताना संगमनेरजवळ मोगल फौजेने त्यांना गाठले. मोठी लढाई झाली. सिधोजी निंबाळकर तिथे पडले. मागून मोगलांची आणखी फौज येत होती. घोड्यांवर लुटीचे ओझे होते, माणसे थकली होती. महाराज सापडले असते तर स्वराज्याचे काय झाले असते? तेव्हा बहिर्जी पुढे झाले. त्यांना डोंगरातली आडवाट ठाऊक होती. तीन दिवस आणि तीन रात्री चालून त्यांनी सगळ्यांना सुखरूप पट्टा किल्ल्यावर नेले. तिथे महाराजांनी विसावा घेतला, म्हणून त्या किल्ल्याला विश्रामगड म्हणतात. तो अकोले तालुक्यात आहे. पुढे ३ एप्रिल १६८० रोजी महाराज वारले.

मित्रांनो, बहिर्जींचा वेश खोटा असायचा हे खरे आहे. पण त्यांनी महाराजांना आणलेली बातमी खरी असायची. त्यांनी शत्रूला फसवले, आपल्या माणसांना कधीच फसवले नाही. लबाड माणूस स्वतःच्या फायद्यासाठी खोटे बोलतो. बहिर्जींनी तर स्वतःचे नावसुद्धा लपवून ठेवले. लढाई जिंकली की सरदाराचे नाव होते, पण हेराला आपले काम कुणाला सांगताच येत नाही. हे मी माझ्या मित्राला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने माझ्याकडून वही मागून घेतली आणि जालन्याची हकिकत दोनदा वाचली.

आजही प्रत्येक देशाला हेर लागतात. आपल्या भारताचे रॉ नावाचे खाते १९६८ साली सुरू झाले. तिथे काम करणाऱ्यांची नावे पेपरात सहसा येत नाहीत. बहिर्जींची समाधी सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर आहे. सहल गेली तर मला ती आणि विश्रामगड दोन्ही पाहायचे आहेत.

अशा या शूर हेराला माझा नमस्कार.

इयत्ता चौथी